मदत हवी आहे : रीची माहजाँग – हात पूर्ण झाला तरी 'रॉन'चं बटण का येत नाही?

नवखा_भिडू

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे रमीवाले. आता माहजाँग शिकायचं ठरवलंय. हाताशी १४४ टाइल्सचा चिनी सेट आहे, टाइल्स मोठ्या, साधारण ४० मिमी उंच. सरावाला फोनवर जपानी पद्धतीचं (रीची) ॲप घेतलंय. चार गट (एकाच चिन्हाच्या ओळीने तीन किंवा सारख्या तीन टाइल्स) आणि एक जोडी झाली की डाव लागतो, इथवर समजलं. पुढे अडलंय.

पहिली अडचण. चीने (दुसऱ्याने टाकलेली टाइल घेऊन ओळ लावणं) उचललेला बांबूचा २-३-४, पॉनने (तशीच घेऊन तीन सारख्या करणं) उचललेले तीन ९ गोळे, हातात चिनी आकड्यांचा ४-५-६, गोळ्यांचे ७-८ आणि बांबूच्या ५ ची जोडी. समोरच्याने ६ गोळे टाकले. हात पूर्ण, पण ॲप 'रॉन' (दुसऱ्याने टाकलेल्या टाइलवर जिंकणं) म्हणूच देत नाही. असं का?

दुसरी, चिनी आकडे वाचता येत नाहीत. तिसरी, गुणांचा तक्ता बघून डोकं गरगरतं. आणि मुळात आमच्या सेटवर कुठले नियम चालतील?

---

पूर्ववारा

ॲप बरोबर आहे. तुमच्या हातात याकू नाही.

रमी येते ना? तिथे तेरा पत्ते कसेही जुळले तरी प्युअर सिक्वेन्स नसेल तर डिक्लेअर करता येत नाही. इथे प्युअर सिक्वेन्सच्या जागी याकू. रचना पूर्ण असून भागत नाही, तिच्यात ठरलेल्या यादीतलं निदान एक वैशिष्ट्य हवं.

तुमचा हात उलटा तपासू. चीने २-३-४ घेतलात तेव्हा हात उघडा झाला. रीची नावाचा याकू फक्त बंद हाताला, म्हणजे तो रस्ता गेला. उरला तान्याओ : सगळ्या टाइल्स २ ते ८ मधल्या, १-९ नाही, वारे नाहीत, ड्रॅगन नाहीत. तो शाबूत होता. मग ९ गोळ्यांना पॉन केलंत आणि तोही मोडला. तिथेच डाव संपला, कळलं उशिरा. ९ ची जोडी फोडून टाकायची होती. आणि तरीही ७-८ वर फक्त ६ चालला असता. ९ आला असता तर गट झाला असता, तान्याओ नाही.

तेव्हा पहिले पंधरा-वीस डाव तीनच याकू लक्षात ठेवा. (अ) रीची : हात पूर्ण बंद, एकच टाइल हवी, १००० गुणांची काडी टेबलावर ठेवून जाहीर करायचं. त्यानंतर हात बदलता येत नाही. (आ) तान्याओ, वर सांगितला तो. उघड्या हाताने चालतो की नाही हे घरी खेळताना आधी ठरवा, बहुतेक ॲपवर चालतो. (इ) याकुहाई : तीन सारखे ड्रॅगन, किंवा आपल्या जागेच्या वा चालू फेरीच्या वाऱ्याच्या तीन टाइल्स. यांना पॉन बिनधास्त करा, याकू तिथल्या तिथे पदरात पडतो.

चीचं बटण चमकलं की बोट आपोआप जातं. नवख्याचं सर्वांत मोठं नुकसान तिथेच. 'उघडल्यावर माझा याकू कुठला?' याचं उत्तर तोंडावर नसेल तर 'पास' दाबा.

दोरा (जादा गुण देणारी टाइल) हा याकू नाही, हेही आत्ताच लिहून ठेवा. पाच दोरा हातात असले तरी याकूविना शून्य. भिंतीत खुणेसाठी उघडलेली टाइल स्वतः दोरा नसते, तिच्या पुढची असते. ९ दिसला तर १. वारे पूर्व-दक्षिण-पश्चिम-उत्तर आणि परत पूर्व. ड्रॅगन पांढरा-हिरवा-लाल आणि परत पांढरा.

---

गोळे_बांबू

आकडे वाचायला अर्धा तास पुरतो. खालचं लाल, किचकट अक्षर सगळ्यांवर तेच असतं (दहा हजार), ते विसरा. फक्त वरचं बघा. १, २, ३ म्हणजे तेवढ्या आडव्या रेघा. ४ म्हणजे चौकटीत लोंबणारे दोन पाय. ५ सर्वांत गिचमिड, डाव्या बाजूला माणसासारखी उभी खूण. ६ ला डोक्यावर ठिपका, खाली एक आडवी रेघ, तिच्याखाली दोन पाय. ७ म्हणजे आपण इंग्रजी सात मधे रेघ मारून काढतो तो उलटा धरलेला. ८ म्हणजे एकमेकांपासून फाकलेल्या दोन रेघा. ९ ला उजवीकडे वर वळलेली शेपटी.

बांबूचा १ म्हणजे पक्षी. त्याला बांबू न समजणं ही जगभरची चूक आहे. पांढरा ड्रॅगन जपानी सेटमध्ये कोरा असतो, चिनी सेटमध्ये बहुधा निळी चौकट असते. तिला जादा टाइल समजून डब्यात टाकू नका.

जाता जाता : फोनवर जोड्या जुळवून ढीग रिकामा करायचा जो 'माहजाँग' असतो, त्याचा या खेळाशी टाइल्सपुरताच संबंध. तो ब्रॉडी लॉकार्ड यांनी १९८१ मध्ये संगणकासाठी बनवला.

---

हाँगकाँग_पद्धत

माझं मत थोडं वेगळं. १४४ चा सेट आहेच, तर हाँगकाँग पद्धतीने सुरू करा. फुलं-ऋतूंच्या आठ टाइल्सही कामी येतात, गुण मोजणं सोपं, टाकलेल्या टाइल्स रांगेत लावायची सक्ती नाही. मात्र तिथेही अनेक टेबलांवर किमान ३ फान (हाताच्या किमतीचं माप) लागतात, त्यामुळे 'हात पूर्ण पण जिंकता येत नाही' हे दुखणं टळत नाही. शिकताना किमान शून्य ठेवा, मग १, मग ३.

चिनी स्पर्धा-नियमांच्या (१९९८) वाटेला सध्या जाऊ नका. ८१ प्रकार आणि किमान ८ गुण. अमेरिकन पद्धत तर तुमच्या सेटवर बसणारच नाही. तिला १५२ टाइल्स लागतात, त्यात ८ जोकर, शिवाय दरवर्षी बदलणारं हातांचं कार्ड.

---

पूर्ववारा

ॲप रीचीचं आणि टेबल हाँगकाँगचं, असं केलं तर दोन्हींचा गोंधळ होईल. ॲप आहे तर रीचीच करा.

फुलं-ऋतू बाजूला काढा, उरतात १३६ : चौतीस प्रकार, प्रत्येकी चार. प्रत्येकाने १७ टाइल्स लांब आणि दोन टाइल्स उंच भिंत लावायची. टेबल आधी मोजा. जपानी टाइल सुमारे १९ मिमी रुंद, म्हणून भिंत ३२ सेंमीची होते. तुमची ३० मिमी रुंद असेल तर ५१ सेंमी. चारी बाजूंना हात आणि मधे टाकलेल्या टाइल्स धरून मीटरभर चौरस जागा हवी. कॅरमच्या टेबलावर दाटी होईल.

पूर्वेचा भिडू (डीलर) दोन फासे टाकतो. स्वतःला १ धरून उजवीकडे मोजत जायचं. बेरीज ज्याच्यावर येईल त्याच्या भिंतीच्या उजव्या टोकापासून तेवढेच थर (एकावर एक दोन टाइल्स म्हणजे एक थर) सोडून भिंत फोडायची. तोडीच्या उजवीकडचे ७ थर (१४ टाइल्स) राखीव. त्यात तोडीपासून तिसऱ्या थराची वरची टाइल उलटायची, ती दोराची खूण. वाटप चार-चार टाइल्सचं तीनदा, मग एकेक. डीलरला एक जादा, आणि पहिली टाइल तोच टाकतो.

पाळी उजवीकडे जाते. म्हणून चीची टाइल फक्त डावीकडच्या भिडूकडून घेता येते. पॉन आणि रॉन कुणाकडूनही.

---

नवखा_भिडू

खूप आभार! सगळं वाचून लगेच बसलो. आता नवीन कोडं. रीची लावली होती, हातात आकड्यांचे ४-५, म्हणजे ३ किंवा ६ हवा. समोरून ६ आला, परत बटण नाही! याकू तर होता.

---

गोळे_बांबू

आधी कधीतरी ३ टाकला होतात ना? त्याला फुरितेन म्हणतात. ज्या ज्या टाइलवर तुमचा हात पूर्ण होऊ शकतो त्यातली एकही तुम्ही पूर्वी टाकलेली असेल, तर दुसऱ्याच्या टाइलवर जिंकता येत नाही. ३ टाकला म्हणून ६ वरही नाही. स्वतः भिंतीतून काढून (त्सुमो) मात्र जिंकता येतं.

याच्या दोन उपजाती आहेत. हवी असलेली टाइल कुणी टाकली आणि तुम्ही सोडलीत, तर तुमची पुढची टाइल उचलेपर्यंत रॉन बंद. आणि रीची लावल्यावर सोडलीत तर तो डाव संपेपर्यंत बंद. 'मोठ्या गुणांसाठी थांबतो' ही हुशारी इथे अंगाशी येते.

म्हणूनच टाकलेल्या टाइल्स आपल्यासमोर सहा-सहाच्या ओळीत, क्रमाने मांडायच्या आणि रीचीची टाइल आडवी ठेवायची. बचावही यातूनच होतो. रीची लावलेल्याने जी टाइल आधी टाकली, ती त्याच्यापुरती शंभर टक्के सुरक्षित. हात भिकार असेल तर तीच टाका आणि डाव सोडून द्या. रमीत पॅक करता तसंच.

---

पूर्ववारा

गुणांचं राहिलं होतं. फू (हाताच्या रचनेवरून मिळणारे लहान गुण) मोजणं महिनाभर बाजूला ठेवा, सगळं ३० फू धरा. डीलर नसलेल्याला रॉनवर १ हान (याकू आणि दोरा मोजायचं माप) १०००, २ ला २०००, ३ ला ३९००, ४ ला ७७०० (बरेच जण सरळ ८००० धरतात). ५ हान म्हणजे मांगान, ८०००. ६-७ ला १२०००, ८ ते १० ला १६०००. डीलरला अंदाजे दीडपट : १५००, २९००, ५८००, ११६००, मांगान १२०००. रॉन असेल तर टाइल टाकणारा एकटा भरतो. त्सुमोत तिघे वाटून भरतात, त्यात डीलरचा वाटा दुप्पट. मांगानला डीलर ४०००, बाकीचे दोघे २०००-२०००.

भिंत संपली आणि कुणीच जिंकलं नाही, तर एका टाइलवर अडलेल्यांना इतरांकडून एकूण ३००० मिळतात. एकटाच असेल तर तिघांकडून हजार-हजार. चौघेही अडलेले असतील किंवा कुणीच नसेल तर देणंघेणं नाही.

---

नवखा_भिडू

शेवटचं. आमच्या डब्यात गुणांच्या काड्या नाहीत. आणि सुरुवातीला कुठली टाइल आधी टाकावी याला काही ठोकताळा?

---

गोळे_बांबू

काड्यांऐवजी चार रंगांची बटणं घ्या. प्रत्येकाला २५००० : दहा हजाराचं १, पाच हजाराची २, हजाराची ४, शंभराची १०. माणशी सतरा, चौघांची ६८.

ठोकताळा : हातात पाच ठोकळे मोजा, चार गटांचे आणि एक जोडीचा. सहावा दिसला की सर्वांत कमजोर फोडा. ४-५ ला ३ किंवा ६, म्हणजे आठ टाइल्स चालतात. ४-६ ला फक्त ५, चारच. १-२ ला फक्त ३, तेही चारच, आणि ४-६ सारखे ते सुधारतही नाहीत. म्हणून आधी आपल्या कामाचे नसलेले एकटे वारे, मग एकटे १ आणि ९, मग १-२, ८-९ सारख्या कडेच्या जोड्या. ड्रॅगन एकटा असेल तर तोही लवकर टाका. उशिरा टाकलात तर तोवर कुणाकडे त्याची जोडी झालेली असेल आणि पॉनची हाक येईल.

आणि प्रत्येक वेळी टाइल टाकल्यावर हात मोजा. तेरा. उघडलेल्या गटांसह तेरा (चार सारख्या टाइल्सचा गट, म्हणजे 'कान', केला असेल तर तो तीनच धरायचा). बारा किंवा चौदा निघाल्या तर त्या डावात जिंकता येत नाही.