रायन डे चांगला कोच आहे का? आणि हे ठरवायचं कशावरून?

ओलेंटँजीकाठी (धागाकर्ता)

३० नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच कोलंबस शहरात १३-१० असं हरवलं. मिशिगनचा सीझन यथातथाच चालला होता, सट्टेबाजांनी ओहायो स्टेटला जवळजवळ वीस गुणांनी वरचढ धरलं होतं. मिशिगनकडून हा सलग चौथा पराभव. त्या रात्रीपासून कोलंबसमध्ये जिकडेतिकडे एकच सूर होता: हेड कोच रायन डेला काढा. त्यानंतर २० जानेवारी २०२५ ला त्याच डेच्या टीमने अटलांटात नोटर डेमला ३४-२३ हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणलं. मग तीच मंडळी त्याचा पुतळा उभारायच्या गोष्टी करू लागली. सात आठवड्यांत ना कोच बदलला, ना खेळाडू.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये हेड कोच हाच सर्वेसर्वा असतो. शाळकरी पोरं हेरून आणणं, हाताखालचे कोच नेमणं, डावपेच ठरवणं, सगळं त्याच्याकडे. खेळाडू चार-पाच वर्षांत निघून जातात, कोच मागे राहतो. म्हणून श्रेयही त्याचं आणि खापरही त्याच्याच डोक्यावर.

माझं मत असं की एका मॅचवरून कोच जोखू नये आणि एका विजेतेपदावरूनही नाही. त्याच्या हाती काय दिलं होतं आणि त्याने त्यातून काय उभं केलं, हे बघा. तेही बरीच वर्षं बघा.

माझ्या लेखी या मापाने सगळ्यात मोठा माणूस बिल स्नायडर. १९८९ मध्ये तो कॅन्सस स्टेटला आला तेव्हा ती टीम आधीचे दोन सीझन एकही मॅच जिंकली नव्हती. पहिल्या वर्षी एक विजय. १९९३ मध्ये नऊ. १९९८ मध्ये नियमित सीझनच्या अकराच्या अकरा मॅच जिंकल्या. आणि हे सगळं अशा राज्यात, जिथे मोठ्या कॉलेजांना हवी तशी पोरं फारशी मिळत नाहीत! त्याने दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांतले, इतरांनी नाकारलेले खेळाडू घेतले आणि घडवले. २००५ नंतर तो निवृत्त झाला, टीम घसरली. २००९ मध्ये परत आला, २०१२ मध्ये कॉन्फरन्स (आपल्या गटातल्या विद्यापीठांची स्पर्धा) जिंकून दिली. माणूस गेला की काम बिघडतं आणि तो आला की सावरतं, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? राष्ट्रीय विजेतेपद मात्र त्याला कधीच मिळालं नाही.

उलट जीन चिझिक बघा. ऑबर्नबरोबर २०१० मध्ये १४-० (चौदा विजय, शून्य पराभव), राष्ट्रीय विजेता. क्वार्टरबॅक (पास फेकणारा, आक्रमणाचा मुख्य खेळाडू) होता कॅम न्यूटन. न्यूटन गेला आणि दोनच वर्षांत ऑबर्न ३-९, कॉन्फरन्समध्ये आठपैकी आठ हरले. आधी आयोवा स्टेटला त्याचा रेकॉर्ड होता ५-१९. विजेतेपद त्याच्या नावावर आहे, स्नायडरच्या नाही. मग मोठा कोण?

डेला २०१९ मध्ये आधीचा कोच अर्बन मायरने बांधलेली तयार टीम मिळाली. २०२४ च्या टीममधल्या खेळाडूंना मिळणारी रक्कम वीस दशलक्ष डॉलर्सच्या आसपास असल्याचं खुद्द विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनीच सांगितलं होतं. क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटकडून, केलेब डाऊन्स अलाबामाकडून, क्विनशॉन जडकिन्स ओल मिसकडून आला. एवढं हाताशी असताना जिंकणं हे कर्तव्य झालं.

बकआय_आजोबा

तुमचंच माप घेतो आणि उलटं उत्तर काढून दाखवतो.

जॉन कूपर १९८८ ते २००० ओहायो स्टेटचा कोच होता. १११ विजय, पण मिशिगनविरुद्ध २-१०-१ (दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी). त्याला काढलं आणि यंगस्टाऊन स्टेटहून जिम ट्रेसेलला आणलं. ट्रेसेलने दहापैकी नऊ वेळा मिशिगनला हरवलं आणि २००२ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणलं. विद्यापीठ तेच, स्टेडियम तेच, पैसा तोच, पोरंही याच राज्यातली. म्हणजे हाती दिलेलं सारखं आणि निकाल वेगळा. यालाच कोचिंग म्हणतात. मिशिगनची मॅच दरवर्षी येते, त्याच सुमाराला, दोन्ही बाजूंना वर्षभर तयारीला वेळ. त्यापेक्षा चांगली कसोटी मला दाखवा.

नोव्हेंबरची ती मॅच आठवते? मिशिगनच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या मॅचमध्ये पासवर ६२ यार्ड मिळवले. बासष्ट! आपल्याकडे जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर (पास पकडणारा), आणि आपण बॉल घेऊन पुन्हा पुन्हा मधल्या गर्दीत घुसतोय, जिथे मिशिगनचे सगळ्यात तगडे गडी उभे. हा खेळाडूंचा दोष नाही. हे बाहेरून हेडसेट घालून ठरवलेलं असतं.

मेधा_शार्लट

आजोबा, त्याच मॅचमध्ये ओहायो स्टेटच्या किकरने दोन फील्ड गोल (किक मारून मिळणारे तीन-तीन गुण) घालवले. त्यातला एक जरी आत गेला असता तर चित्र वेगळं दिसलं असतं, आणि डावपेच तेच असूनही तुम्ही एवढे चिडला नसता. तीन गुणांच्या फरकावरून कोचचं पाणी जोखायचं असेल तर फार सांभाळून.

पण विजेतेपदाबद्दलही तेच म्हणेन. १२ टीमचा प्लेऑफ (विजेतेपदासाठीची बाद फेरी) २०२४ मध्ये पहिल्यांदाच झाला. त्याआधी चारच टीम जायच्या. ओहायो स्टेट निवड समितीच्या यादीत सहावी होती. जुना नियम असता तर डे डिसेंबरात घरी बसला असता, कदाचित नोकरीही गेली असती. तोच कोच, तेच काम.

बकआय_आजोबा

एक मॅच म्हणजे नशीब, मान्य. सलग चार? ४२-२७, ४५-२३, ३०-२४, १३-१०. पहिल्या दोन काही किकरने घालवलेल्या नाहीत.

राजस_ह्यूस्टन

मूळ धाग्याशीच माझा वाद आहे. "हाती दिलेलं" असं कॉलेज फुटबॉलमध्ये असतं कुठे? एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड) असतो, पडेल टीमला आधी निवड मिळते. इथे सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन, त्याच्या आईसमोर बसून, त्याला पटवून आणावं लागतं. ते काम कोचचंच. तुम्ही पोरं बाजूला काढून कोचला मोजताय, म्हणजे त्याचं अर्धं काम वजा करताय.

निक सेबनचं बघा. मिशिगन स्टेटचा कोच असताना ३४-२४-१, बरा म्हणावा इतकाच. एनएफएलमध्ये मायामीला १५-१७. अलाबामात पहिल्या वर्षी ७-६, त्यात लुइझियाना-मन्रोसारख्या टीमकडून हार. तुमच्या मापाने त्या दिवशी सेबन मध्यम कोच ठरला असता. मग त्याने हवे ते खेळाडू गोळा केले आणि त्या एका ठिकाणी सहा विजेतेपदं मिळवली. आधीचं एलएसयूचं (लुइझियाना स्टेट) धरून सात. खेळाडू निवडणं आणि त्यांना एका शिस्तीत बांधणं हीच त्याची विद्या होती.

आणि डेच्या प्लेऑफकडे तुम्ही एका ओळीतही बघितलं नाहीत, हा अन्याय आहे. टेनेसी ४२-१७. ऑक्टोबरमध्ये ज्या ऑरेगनने ३२-३१ हरवलं होतं त्यांना ४१-२१. टेक्सास २८-१४. मग फायनल. ३१-७ वरून नोटर डेम ३१-२३ पर्यंत आली होती, शेवटची काही मिनिटं, तिसरा डाऊन (चारपैकी तिसरा प्रयत्न), बॉल राखायला अजून अकरा यार्ड लागणार. भित्रा कोच अशा वेळी पास टाळून बॉल हातात घेऊन पळायला लावतो, घड्याळ पळू देतो आणि पंट करतो (लाथेने बॉल लांब मारून समोरच्यांना देतो). इथे हॉवर्डने लांब फेकला, स्मिथने ५६ यार्डांवर पकडला, सामना तिथेच संपला. नोव्हेंबरात जो घाबरून खेळला असं आजोबा म्हणतात, त्याच माणसाच्या टीमने हा कॉल केला. पराभवानंतर सात आठवड्यांत बदलता येणं हे मी कोचिंगमध्येच धरतो.

ओलेंटँजीकाठी

राजस, रिक्रूटिंग हे कोचचं काम आहे हे मान्य. पण अलाबामाच्या आजूबाजूला जॉर्जिया, फ्लोरिडा, लुइझियाना आहे, आणि तिथे कोच येण्याआधीपासून जुना कोच बेअर ब्रायंट याची सहा विजेतेपदं भिंतीवर आहेत. कॅन्सस स्टेटच्या गावी, मॅनहॅटनमध्ये (न्यूयॉर्कचं नव्हे), पोराच्या आईसमोर बसून स्नायडर काय दाखवणार होता, दोन वर्षांत शून्य विजय? परिसर, पैसा आणि नाव हे कोचच्या हाताबाहेरचं असतं, तेवढं तरी वजा करा.

मन्वंतर

स्नायडरबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट सांगायची राहिली. कॉन्फरन्सबाहेरच्या मॅच तो सोप्या प्रतिस्पर्ध्यांशी घ्यायचा, यावर तेव्हाही टीका व्हायची. विजयांचा आकडा वाचताना समोर कोण होतं हेही बघा. इंडियानाचा कोच सिग्नेटी याचंही तेच. ३-९ वरून पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, ११-२, अचाट काम. पण ओहायो स्टेटने ३८-१५ आणि नोटर डेमने २७-१७ असं हरवलंच.

ओलेंटँजीकाठी

सोप्या मॅच घेणं हाही त्याच्या बांधणीचा भाग होता. वर्षानुवर्षं फक्त हरलेल्या पोरांना आधी जिंकायची सवय लागावी लागते. २००३ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये त्याने ओक्लाहोमाला ३५-७ हरवलं, ती टीम सोपी नव्हती.

सुजाता_बाल्टिमोर

सगळी चर्चा गुणफलकाची चालली आहे. २०१८ मध्ये मेरीलँडच्या एका खेळाडूला सरावात उष्माघात झाला, वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि पंधरा दिवसांत तो गेला. विद्यापीठाने जबाबदारी मान्य केली. तरीही नियामक मंडळाने आधी कोचला कायम ठेवलं, गदारोळ झाल्यावर दुसऱ्या दिवशी काढलं. माझा मुलगा शाळेच्या टीममध्ये खेळतो. उद्या कोणी कोच माझ्या घरी आला तर त्याचा रेकॉर्ड मी शेवटी विचारीन. पोर धापा टाकायला लागलं की सराव थांबवायचा अधिकार कोणाला आहे, हे आधी विचारीन. ट्रेनरला (खेळाडूंची तब्येत बघणाऱ्याला) तो अधिकार नसेल तर तो कोच चांगला नाही, मग किती का विजेतेपदं असेनात.

राजस_ह्यूस्टन

याला माझ्याकडे प्रतिवाद नाही. हे बाकी सगळ्याच्या आधी यायला हवं.

मेधा_शार्लट

सहमत. आणि आजोबा, याच न्यायाने ट्रेसेलचं पूर्ण सांगा. खेळाडूंनी तेव्हाच्या नियमाविरुद्ध टॅटूच्या बदल्यात वस्तू दिल्या होत्या, ते त्याने दडवलं, म्हणून २०११ मध्ये राजीनामा द्यावा लागला. २०१० चे विजय रेकॉर्डमधून पुसले गेले.

बकआय_आजोबा

दडवलं ते चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण पोरांनी स्वतःच्याच जर्सी आणि अंगठ्या दिल्या होत्या. आज तीच पोरं राजरोस लाखो डॉलर घेतात. मैदानावर त्याने मिशिगनला हरवलं ते कागदावरून पुसलं म्हणून घडलंच नाही असं होत नाही.

ओलेंटँजीकाठी

डेचं माप २०२५ च्या सीझनपासून आपोआप मिळेल. चिप केली एनएफएलच्या रेडर्सकडे गेला, जिम नोल्स पेन स्टेटला गेला, म्हणजे आक्रमण आणि बचाव दोन्हींचे सूत्रधार गेले. हॉवर्डची कॉलेजमधली वर्षं संपली. बरेचसे अनुभवी खेळाडू एनएफएलमध्ये गेले. त्यानंतर जे उभं राहील ते मायरचं नाही, केलीचं नाही. ३० ऑगस्ट २०२५ ला कोलंबसमध्ये पहिल्याच मॅचला समोर टेक्सास होतं.

मेधा_शार्लट

टेक्सासचाही क्वार्टरबॅक बदलला होता, क्विन एवर्स जाऊन आर्च मॅनिंग आला होता. त्यामुळे त्या एका मॅचवरून काही ठरवू नका. २०२५ पासूनचे तीन सीझन जाऊ द्या.