मदत हवी आहे: मक्याचा पराग मधमाशीला पचतोय की नाही, कसं ओळखायचं?

दारव्हा तालुका, यवतमाळ. मेलिफेराच्या (पेटीत पाळायची युरोपियन मधमाशी) 6 पेट्या. तूर फुलावर होती तोवर पिल्लं भरपूर. आता सगळीकडे मकाच, बांधावर थोडी करडई. पराग येतोय, साठाही आहे, तरी पंधरा दिवसांत पिल्लं निम्म्यावर आली. राणी आहे, अंडी दिसतात. फवारणी नाही, माईटही (माश्यांवरचे बारीक परजीवी) दिसले नाहीत.

साखरपाणी देऊन झालं. सोयापिठाचा गोळा ठेवला, तर त्याला मुंग्याच लागल्या. शेवटी झाकणावरची पिवळी विष्ठा ओल्या काडीनं काचेवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. करडईचे काटेरी कण बहुतेक चेपलेले, रिकामे. मक्याचे मोठे गुळगुळीत गोळे मात्र अर्ध्याहून जास्त टम्म फुगलेले.

पराग पचला तरी कवच तसंच बाहेर पडतं, हे माहीत आहे. मक्याच्या परागात प्रथिनं कमी, हेही. पेट्या हलवायला सध्या गाडी नाही, तेव्हा तो उपाय सोडून सांगा.

फुगलेला कण म्हणजे न पचलेला, की माझ्याच पाण्यानं फुगलेलं रिकामं कवच? आयोडीनचा थेंब टाकून हा फरक कळेल का, की दुसरा रंग लागेल?