चक्कर आणि तोल : नाशिककरांचे अनुभव

आपल्याकडे कोणाला चक्कर आली की पहिले निदान घरातच होते : पित्त, अशक्तपणा, नाहीतर मानेचा मणका. त्यानंतर लिंबू-सरबत, मोरावळा आणि मानेचा पट्टा या क्रमाने उपचार सुरू होतात आणि खरे कारण सापडायला कित्येक महिने जातात. ज्यांनी हा त्रास स्वतः भोगला आहे किंवा घरातल्या माणसाबरोबर निभावला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. चक्कर किती वेळ टिकत होती, कोणत्या हालचालीने सुरू होत होती आणि तिच्याबरोबर ऐकण्यात, बोलण्यात किंवा दिसण्यात काही फरक पडला का, हे आवर्जून सांगावे, कारण डॉक्टरांना निदानासाठी त्याचाच सर्वाधिक उपयोग होतो. गोळ्यांची नावे आणि मात्रा मात्र कृपया देऊ नयेत. एकाला लागू पडलेली गोळी दुसऱ्याला बहुधा उपयोगाची नसते.

दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदार

ऑक्टोबर छाटणीनंतर घडांची विरळणी सुरू झाली की दिवसचे दिवस मांडवाखाली मान वर करून उभे राहावे लागते. अशाच एका सकाळी कात्रीने घडातील मणी काढत असताना मांडवाच्या तारा, पाने आणि घड सगळेच एका दिशेने फिरू लागले आणि मी जवळच्या खांबाला मिठी मारली. मिनिटभराच्या आत ते थांबले. पण त्याच रात्री अंथरुणात उजव्या कुशीवर वळताच पुन्हा तसेच झाले. डाव्या कुशीवर काहीच होत नसे.

मानेचा एक्स-रे काढला, त्यात झीज दिसली (पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या मानेत ती दिसणारच) आणि गळ्यात पट्टा आला. पट्टा बांधून विरळणी कशी करायची, हे मात्र कोणी सांगितले नाही. पुढे नाशिकमधील कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मला तपासणीच्या टेबलावर बसवले, मान उजवीकडे वळवली आणि डोके टेबलाच्या कडेखाली किंचित झुकेल अशा बेताने झटकन उताणे निजवले. काही सेकंदांत चक्कर सुरू झाली. मी ओरडत होतो आणि डॉक्टर शांतपणे माझ्या बुबुळांकडे पाहत होते, कारण बुबुळे कोणत्या दिशेने झटके देतात त्यावरून बिघाड कुठे आहे ते कळते. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेली ही चाचणी करायला यंत्र लागत नाही, फक्त टेबल आणि डॉक्टरांचे लक्ष लागते.

मला सांगण्यात आले ते असे : आतल्या कानातील एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोके विशिष्ट स्थितीत जाताच नलिकेतील द्रव हलतो आणि आपण फिरत आहोत, असा खोटा संदेश मेंदूला जातो. उपाय म्हणून डॉक्टरांनी डोके आणि मग अंग ठरावीक क्रमाने वळवून ते स्फटिक पुन्हा पिशवीत उतरवले. अमेरिकेतील जॉन एप्ली यांची ही पद्धत आहे. पुढचे काही दिवस बांधावरून चालताना पाऊल जरा चुकत असे, तेही थांबले. नंतर एकदा त्रास उलटला तेव्हा रक्तातील ड जीवनसत्त्वही तपासले आणि ते कमी निघाले. क्रेटवर चढून काम केले तर मान वर करावी लागत नाही, परंतु तेवढ्यात चक्कर आली तर पडण्याची भीती असते. म्हणून विरळणी आता पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळीकडे सोपवतो आणि स्वतः डिपिंगचे, म्हणजे घड बुडवण्याचे, द्रावण पाहतो.

गंगापूर रोड परिसरातील शिक्षिका

बागायतदारांची चक्कर मिनिटाभरात ओसरत होती, माझी दिवसरात्र चालू होती. सर्दी-खोकला बरा होत आला असताना एका पहाटे खोली फिरू लागली ती थांबेचना. डोके स्थिर ठेवले तरी फिरत असे आणि हलवले की असह्य होई. उलट्यांमुळे रुग्णालयात राहावे लागले. ऐकू नीट येत होते, बोलणे स्पष्ट होते, एमआरआय स्वच्छ होता. कानाकडून मेंदूकडे तोलाचे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूला, बहुधा विषाणूमुळे, सूज आली होती. त्याला व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात.

सुरुवातीचे दोन-तीन दिवस उलटताच डॉक्टरांनी चक्कर दाबणाऱ्या गोळ्या बंद केल्या, याचा मला तेव्हा रागच आला होता. त्यांचे म्हणणे असे की, एका कानाकडून येणारा संदेश कमी झाला आहे हे मेंदूला जाणवल्याशिवाय तो नवा हिशेब मांडत नाही, आणि या गोळ्या नेमके तेच जाणवू देत नाहीत. मग व्यायाम सुरू झाले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील एका तारखेवर नजर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायची आणि आकडा पुसट होऊ लागला की वेग कमी करायचा. प्रथम बसून, मग उभे राहून, मग घडी घातलेल्या गोधडीवर भिंतीजवळ उभे राहून, असे ते वाढत गेले. व्यायाम करताना थोडी चक्कर येणे अपेक्षितच असते. ती थोड्या वेळात ओसरली पाहिजे. पुढे कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालताना एकदा झाडांकडे आणि एकदा समोर पाहण्याचा सराव केला. लोक विचित्र नजरेने पाहत, पण इलाज नव्हता. सर्वांत उशिरा जमले ते फळ्यावर लिहिता लिहिता वर्गाकडे गर्रकन वळणे. सहा महिन्यांनी मी पूर्णवेळ शिकवू लागले, तरी झोप अपुरी झाली की अजूनही थोडे डगमगायला होते.

नाशिक रोड येथील फिजिओथेरपिस्ट

वरील व्यायामांचे मूळ १९४०च्या दशकातील ब्रिटनमध्ये आहे. कॉथॉर्न हे कानाचे शल्यविशारद आणि त्यांचे सहकारी कुक्सी यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी ते बसवले, कारण जे रुग्ण लवकर हालचाल करू लागतात ते लवकर सावरतात, असे कॉथॉर्न यांना दिसले होते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक नेमके उलटे करून आलेले असतात : मान ताठ ठेवायची, एकाच कुशीवर झोपायचे, बाहेर पडायचे नाही. चक्कर थांबते, पण तोलही परत येत नाही. एक विनंती आहे. एप्लीची कृती व्हिडिओ पाहून करू नये. बाजू चुकली किंवा स्फटिक दुसऱ्या नलिकेत असले तर ती व्यर्थ जाते, आणि ज्यांना मानेचा गंभीर विकार आहे किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती धोक्याचीही ठरू शकते.

सिडकोतील एक गृहिणी

माझ्या यजमानांना रात्री जेवताना अचानक चक्कर आली आणि उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पित्त आहे, झोपू द्या. चेहरा वाकडा झाला नव्हता, हातपायांत ताकद होती, त्यामुळे मलाही ते पटत होते. परंतु त्यांना आधाराशिवाय बसताही येईना, पाण्याचा पेला तोंडाकडे नेताना हात भलतीकडे जाई आणि शब्द जड येऊ लागले. मुलाने १०८ ला फोन केला. लहान मेंदूचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला होता. असा झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येते. आम्ही त्या वेळेत पोहोचलो. आता ते काठीशिवाय चालतात, फक्त अंधारात जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चक्कर आलेल्या माणसाला उभे राहता येत नसेल, जीभ जड झाली असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा पूर्वी कधी न झालेली तीव्र डोकेदुखी असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

सराफ बाजारातील कारागीर

माझा अनुभव बरा होण्याचा नाही, सांभाळून राहण्याचा आहे. डाव्या कानात दडा बसतो, घरघर वाढते आणि मग दोन-तीन तास सगळे गरगरते. ऐकण्याच्या चाचणीत खालच्या पट्टीतील आवाज कमी ऐकू येतात असे दिसले आणि मेनिएरचा विकार ठरला. पॅरिसच्या प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्येच सांगितले होते की अशा चक्करेचे मूळ कानात असू शकते. आमच्या घरी मात्र ते बाहेरच्या बाधेत शोधले गेले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले. नाशिकच्या माणसाला मिसळीवरचे फरसाण, पापड आणि लोणचे सोडायला सांगणे म्हणजे शिक्षाच आहे, पण झटके विरळ झाले हे मान्य करावे लागेल. कानात दडा बसू लागला की मी भट्टीजवळून उठतो आणि दुचाकीला हात लावत नाही. डाव्या कानाने ऐकणे कमी झाले ते झालेच.

पंचवटीतून, सासऱ्यांविषयी

त्यांना पहाटे अंथरुणातून उठताच डोळ्यांपुढे अंधारी येई. बसले की बरे वाटे. फिरल्याची भावना मुळीच नव्हती. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजला, तेव्हा वरचा आकडा २० हून अधिक उतरलेला आढळला. प्रोस्टेटसाठी सुरू केलेली गोळी कारणीभूत होती. ती बदलली, पाणी वाढवले, आता ते पलंगाच्या कडेवर थोडे बसून मगच उठतात.

इंदिरानगरमधील एक वाचक

माझी मूळ चक्कर एप्लीने कधीच गेली होती, तरीही पुढे वर्षभर उभे राहिले की होडीत असल्यासारखे वाटत होते. मेनरोडवरील साड्यांच्या दुकानात रंगीत ढीग पाहिले किंवा सिग्नलला शेजारची वाहने सरकली की ते वाढे, आडवे झाले की कमी होई. सगळे अहवाल सामान्य येत होते आणि काही नातेवाइकांच्या मते हे सगळे मनाचे खेळ होते. या स्थितीला पर्सिस्टंट पोस्चरल-परसेप्च्युअल डिझिनेस, थोडक्यात पीपीपीडी म्हणतात. तोलावरील कामासाठी १९१४ चे नोबेल मिळालेल्या रॉबर्ट बाराणी यांच्या नावाच्या संस्थेने तिचे निकष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. कान सुधारला तरी मेंदू सावधच राहतो आणि तोलासाठी डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबतो, असे मला समजावण्यात आले. त्यावर तोलाचे व्यायाम, समुपदेशन आणि काही काळ मानसोपचारतज्ज्ञांचे औषध, असे तिन्ही लागले. तिन्हींमध्ये समुपदेशन मी सर्वांत उशिरा स्वीकारले आणि उपयोग मात्र त्याचाच अधिक झाला, कारण पडण्याच्या भीतीने मी चालायचीच विसरले होते. आता पांडवलेणीच्या पायऱ्या चढते. उतरताना मैत्रीण पुढे असते.

आतापर्यंत मायग्रेनमुळे येणाऱ्या चक्करेविषयी कोणी लिहिलेले नाही. तीत डोके दरवेळी दुखतेच असे नाही, त्यामुळे ती ओळखायला उशीर होतो. कसारा घाटातून नियमित ये-जा करणाऱ्यांपैकी कोणाला हा त्रास असेल, तर प्रवासापूर्वी आणि प्रवासात काय सांभाळता, हे अवश्य लिहावे.