मदत हवी आहे: डिगॉक्सिन थांबवल्यावर पिवळं दिसणं कधी जातं?

आई ७६ वर्षांची. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी ०.२५ मिग्रॅ, आठवड्यातून पाच दिवस. क्रिएटिनिन १.८, म्हणजे मूत्रपिंड कमजोर. दहा दिवस मळमळ, जेवण जात नव्हतं. आम्ही पित्त समजलो. मग पांढरी चादरही तिला पिवळी दिसू लागली. रक्तातली डिगॉक्सिनची पातळी २.६ नॅनोग्रॅम प्रति मिली, म्हणजे जास्त निघाली. गोळी थांबवून दोन दिवस दाखल ठेवलं, काल घरी सोडलं. ईसीजी, पोटॅशियम ठीक. परवा डॉक्टरांकडे जायचंय, त्यामुळे डोस विचारत नाही. नातेवाईक कण्हेरीच्या मुळाचा काढा सुचवतात. त्यातही हृदयावर डिगॉक्सिनसारखंच काम करणारं विष असतं, तो देणार नाहीच.

मूत्रपिंड धड असेल तर निम्मं औषध दीड-दोन दिवसांत उतरतं. पण ते कमजोर असताना तुमच्याकडे कुणाची भूक आणि नजर किती दिवसांनी पूर्ववत झाली?