मूर्तिकाम सोडून पिगमेंटकडे वळालोय, पण थर पोपडे धरतोय

शाडूवाला_शहापूर
नमस्कार मंडळी. मी बेळगावात शहापूरला असतो, शिल्पकलेचा डिप्लोमा झालाय आणि दहा वर्षं गणपतीच्या कारखान्यात शाडू न् फायबरचं काम केलंय. गेल्या वर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या जत्रेत भंडारा उधळलेला बघितला, पायऱ्या, दगड, माणसांची कपाळं सगळं एकाच पिवळ्यात बुडालेलं, आणि तेव्हापासून डोक्यात आकृती येईनाशीच झालीय, नुसता रंग येतोय. म्हणून मोठ्या कॅनव्हासवर अमूर्त काम सुरू केलं. ट्यूबमधला रंग हाताला लागतच नाही, मातीची सवय झालेली, म्हणून खानापूरकडची तांबडी माती चाळून फेव्हिकॉलमध्ये कालवली आणि जाड थर दिला. ओला होता तोवर बघत बसावं असा दिसत होता, वाळल्यावर प्लॅस्टिकसारखी चकाकी आली, रंग काळवंडला आणि चार दिवसांत भेगा पडून पोपडे निघायला लागले. पिवळ्यासाठी हळद वापरली ती खिडकीजवळ ठेवल्यावर उडूनच गेली. घरात म्हणालेत, हातातली कला टाकून हे काय करालास. शिल्प सोडतोय हीच चूक होतीय का, का मटेरियल चुकतंय?

चाक_आणि_माती
भावा, माती नुसती चाळून भागत नाही, निथळून घ्यायला लागते. बादलीभर पाण्यात ढवळ, अर्धा मिनिट थांब, वाळू खाली बसली की वरचं तांबडं पाणी दुसऱ्या बादलीत ओत, असं दोन-तीनदा कर, मग एक-दोन दिवस हलवू नको, निवळ पाणी काढ आणि राहिलेला गाळ वाळवून खल.
भेगांचं तर तुला माहितीच आहे की, शाडूत काथ्या नाहीतर कापूस कशाला घालतोस? माती वाळताना आकसते म्हणूनच ना. इथं संगमरवराची पावडर घाल आणि एकच जाड थर देण्यापेक्षा चार पातळ दे. बैलहोंगलकडची काळी माती मात्र घेऊ नको, उन्हाळ्यात तिथल्या शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, फळीवर दुसरं काय होणार. काळ्यासाठी काजळी वापर, पण ती पाण्यावर तरंगते, आधी थोड्या स्पिरिटमध्ये भिजव.
पिवळ्याला हळद नको, पिवडी म्हणजे पिवळी माती घे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, पिवडीचा पिवळा लोहाचा आहे, तो उडत नाही. आणि हीच पिवडी लोखंडी तव्यावर खरपूस भाजली की पाणी निघून जातं आणि तांबडी होते, एका मातीतून पिवळ्यापासून विटकरीपर्यंत छटा मिळतात, करून बघच. खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे, एकदा जाऊन ये.

खलबत्ता
वरचं सगळं बरोबर, पण काळवंडण्याचं कारण वेगळं आहे. पावडर कोरडी असते तेव्हा कणांच्या मधे हवा असते म्हणून रंग उजळ दिसतो, बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जास्त झाला की ती हवा जाते आणि रंग गडद न् चकचकीत होतो. पॅरिसच्या इव्ह क्लाइन या चित्रकाराला निळ्याबाबत हाच त्रास होता, तेलात कालवला की कोरड्या पावडरीचं तेज मरायचं, मग रंगविक्रेत्याच्या मदतीने त्यानं वेगळा बाइंडर शोधला आणि १९६० मध्ये त्या निळ्याची कृती नोंदवली. गंमत म्हणजे तो बाइंडर पण पॉलिव्हिनाइल ॲसिटेटच, फेव्हिकॉलच्याच जातीचा, फक्त अल्कोहोलसारख्या सॉल्व्हंटमध्ये पातळ केलेला.
तू आधी पिगमेंट, म्हणजे रंगाची पावडर, नुसत्या पाण्यात लोण्यासारखं घोट, मग बाइंडर थोडा थोडा वाढव आणि प्रत्येक वेळी एक पट्टी ओढून ठेव. वाळल्यावर बोट फिरव, पावडर लागली तर कमी झालाय, चकाकी आली तर जास्त. आणि जाड काम ताणलेल्या कॅनव्हासवर नकोच, ते हलतं, प्लायवर घे. एन-९५ मास्क न घालता पावडर उघडू नको, कॅडमियम आणि शिशाचे रंग तर कोरडे हाताळूच नको, सांडलेलं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

निपाणीच्या_बाई
मी चित्रकला शिकवते. तुम्ही शिल्प सोडलंत असं मला अजिबात वाटत नाही. अनिश कपूर मुंबईत जन्मलेले, लंडनला शिकलेले, १९७९ मध्ये भारतात येऊन गेले आणि परतल्यावर आकारांवर कोरडं पिगमेंट चाळून टाकू लागले, ती '१००० नावं' मालिका. आकाराच्या कडेनं पावडर जमिनीवर सांडलेली असते त्यामुळे तो जमिनीतूनच वर आल्यासारखा दिसतो. ते शिल्पकारच राहिले, रंग त्यांच्यासाठी लावायची गोष्ट नव्हती, वस्तूच होती. आणि आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे घ्या, रोलर आणि पॅलेट नाइफनं थर चढवायचे, खरवडायचे, हे कोरीवकाम नाही तर काय? घरच्यांना प्लायवरचं एक काम पुरं करून तिरप्या उजेडात दाखवा.

शाडूवाला_शहापूर
सगळ्यांचे आभार, बाईंचं वाचून खूप बरं वाटलं. काल रात्री माती निथळली, पिवडी तव्यावर भाजली, घरभर पहिल्या पावसासारखा वास. प्लायवर पाच पट्ट्या ओढल्या, तिसरी बोटाला लागत नाही आणि चमकत पण नाही. प्लायला आधी शाडूचा हलका उंचवटा दिला आणि त्यावरून तिसरं मिश्रण पातळ फिरवलं, एका बाजूला अजून बारीक भेग आहे. चाक_आणि_माती, रविवारी खानापूरला आलो तर भेटाल का?