मदत हवी आहे: ब्लॉगवरचा लेख भारतात बंद केलाय, आदेशाची प्रत कुठे मागू?

नमस्कार मंडळी,

गावाच्या पाण्यावर मी ९ वर्षं मराठीत ब्लॉग लिहितोय. उन्हाळ्यात माहिती अधिकारात मिळालेली टँकरची लॉगबुकं त्यावर टाकली होती. एका टँकरच्या एका दिवसात १४ फेऱ्या, प्रत्येक फेरी ४० किलोमीटरची, आणि सगळ्या सह्या एकाच हाताच्या.

गेल्या मंगळवारपासून तो लेख उघडत नाही. ब्लॉगसेवा देणाऱ्या कंपनीचा दोन ओळींचा मेल आलाय: कायदेशीर मागणीमुळे मजकूर भारतात बंद केला आहे. मागणी कोणाची, कलम कोणतं, काही लिहिलेलं नाही. दुबईतल्या भावाला मात्र लेख दिसतो, प्रतिक्रियांसकट. त्यात आमच्या गल्लीतल्या आजींची एक आहे, नातवाकडून टाइप करून घेतलेली: "त्या तारखेला टँकर आलाच नाही. आमच्याकडं बारसं होतं, मला चांगलं आठवतंय." दुबईत ते वाचता येतं, आमच्या गावात येत नाही. याचा फार त्रास होतोय.

वाचून जेवढं कळलं ते असं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकारला मजकूर बंद करायला देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी ठरावीक कारणं लागतात. टँकरचा हिशोब त्यात कुठे बसतो? या कलमाच्या २००९ च्या नियमांत लेखकाला शोधून नोटीस द्यायचा प्रयत्न करायला सांगितलंय (नियम ८). माझं नाव आणि फोन ब्लॉगवरच आहे, तरी कोणी विचारलं नाही. श्रेया सिंघल निकालात, २०१५ साली, सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं कलम) रद्द केलं, ६९अ ठेवलं. पण कारणं लेखी हवीत म्हणजे रिट (उच्च न्यायालयात आदेशाविरुद्ध याचिका) करता येईल, असंही म्हटलं. ती कारणं मला दाखवणार कोण? नियम १६ गुप्ततेचा आहे, त्यावर बोट ठेवून माहिती अधिकाराचे अर्ज फेटाळतात.

हुंड्यावरच्या एका उपहासात्मक संकेतस्थळाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निर्मात्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी द्यायला लावली होती. त्या आधारावर केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला थेट पत्र लिहू का? की ही मागणी ६९अ खाली नसून ७९(३)(ब) खालची असेल (सरकारने कळवूनही कंपनीने मजकूर काढला नाही तर तिचं कायदेशीर संरक्षण जातं, ते कलम)? ते कंपनीकडून कसं काढून घ्यायचं? आणि वकील न करता मुंबई उच्च न्यायालयात स्वतः उभं राहणं झेपेल का?

लेख दुसरीकडे टाकायचा सल्ला दोघांनी दिलाय. तूर्त मला तो तिथेच, त्याच पत्त्यावर परत हवाय. मूळ लॉगबुकं आणि प्रतिक्रियांची पीडीएफ माझ्याकडे आहे.

यातून गेलेलं कोणी असेल तर कृपया लिहा. उघड लिहायचं नसेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.