केस गळतायत, मे मध्ये भावाचं लग्न, केराटिन करू का? (सोलापूरचं बोअरचं पाणी)

शेंगाचटणी
नमस्कार मंडळी. पाच वर्षं पुण्यात होते, डिसेंबरात सगळं सामान घेऊन जुळे सोलापूरला घरी आलेय, काम आता घरूनच. नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते प्यायला आणि स्वयंपाकाला, डोकं धुवायचं म्हणजे बोअरचंच पाणी. आमच्या गीझरची कॉईल मागच्या महिन्यात काढली तर तिच्यावर चुन्याचा एवढा जाड थर, म्हटलं हेच माझ्या डोक्यावर पण बसत असणार. फेब्रुवारीपासून केस हातात यायला लागलेत, विंचरलं की फरशीवर, उशीवर, आईच्या भाकरीत पण एकदा सापडला (त्यावरून जे ऐकलंय ते वेगळंच). शिवाय रखरखीत, झाडूसारखे. मे मध्ये भावाचं लग्न आहे, सगळ्या बहिणी म्हणायल्यात केराटिन (पार्लरमध्ये केस सरळ-चकचकीत करून देतात ते) कर आणि बटरफ्लाय कट (पुढं आखूड, मागं लांब लेयर) मार, एकदम मस्त दिसतील. करू का? की आधी पाण्याचं काहीतरी बघू? केस कमरेच्या वरपर्यंत, थोडे वेव्ही, रंग कधीच लावलेला नाही.

होटगीरोडवाला
सोलापुरात राहायचं आणि केस पण पाहिजेत, दोन्ही कसं जमेल बे. माझे तिशीतच गेले, आता शाम्पूचा खर्च नाही, बोअरचं टेन्शन नाही.

भवानीपेठेतली काकू
अगं बाई, केमिकलच्या नादाला लागू नकोस. आमच्या वेळी रोज रात्री तेल लावून घट्ट वेणी, रविवारी शिकेकाई-रिठ्यानं न्हाणं, एवढंच होतं, आणि केस बघ कसे, अजून पिकले नाहीत. तू पण रोज तेल चोप, डोक्याला थंडावा मिळतो, उन्हाळ्यात तर हवाच. आणि केस मोकळे सोडून हिंडू नकोस, ही आजकालची फॅशन.

कात्री_कंगवा
ताई, मी अशोक चौकाकडं पार्लर चालवते, सोळा वर्षं झाली. जरा लांब लिहिणार आहे, दुपारी कस्टमर नसतंय या उन्हात.

आधी एक काम कर. आज जे केस गळतील ते फेकू नकोस, पांढऱ्या कागदावर ठेव आणि टोकं बघ. ज्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते तो मुळापासून सुटलाय. ज्याला गाठच नाही, आखूड तुकडा आहे, तो मधूनच तुटलाय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांना औषध वेगळं. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सातजणी दोन्हीला "केस गळतायत"च म्हणतात आणि मग तुटणाऱ्या केसाला महागडं सीरम मुळाशी चोळत बसतात.

दिवसाला ५० ते १०० केस जाणं नॉर्मल आहे, त्यात घाबरायचं नाही. आणि तू जर तीन दिवसांनी डोकं धूत असशील तर त्या दिवशी तिन्ही दिवसांचे एकदम निघतात, मग बाथरूमच्या जाळीवर बघून रडू येतं.

बोअरच्या पाण्याबद्दल. त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम केसावर बसतं, शाम्पूला फेस येत नाही म्हणून आपण अजून शाम्पू ओततो, अजून चोळतो, केस खडबडीत होतो, गुंता होतो आणि मग तुटतो. म्हणजे रखरखीतपणा आणि तुटणं, यात पाण्याचा हात आहे. पण नुसत्या पाण्यानं मूळ सैल होऊन केस सुटतो असं मी तरी छातीठोक सांगणार नाही. दोन-तीन आठवड्यातून एकदा चिलेटिंग नाहीतर क्लॅरिफायिंग शाम्पू वापर, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, तो थर उतरवतो, रोज वापरू नकोस. मग भरपूर कंडिशनर, फक्त टोकांना. आणि शेवटचे दोन तांबे जमलं तर नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घे. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी बादलीत धर, पहिल्या सरीचं सोडून, त्याच्याइतकं मऊ पाणी नाही.

एक महत्त्वाचं राहिलं, आपल्याकडं आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत भरून ठेवतात आणि काटकसर म्हणून त्यानंच डोकं धुतात. ते करू नका ओ कुणी. मशीननं गाळून बाहेर टाकलेले सगळे क्षार त्यातच असतात, म्हणजे मशीनमध्ये गेलं त्यापेक्षा पण जड पाणी. फरशी पुसा, संडासला टाका, डोक्यावर नको.

आता टॉवेल. माझे वडील लूमवर टॉवेल विणायचे, आई विड्या वळायची, तेव्हा सोलापुरी टॉवेलला नावं ठेवायचा हक्क मला आहे असं समजा. टेरी टॉवेलला दोन्हीकडं दोऱ्याचे फेरे असतात, पाणी शोषायला ते एक नंबर, पण ओला केस त्यात अडकतो. ओला केस तसाच कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो. आणि आपण काय करतो, न्हाऊन आलो की टॉवेलनं खसाखसा, मग डोक्यावर पिळून पगडी, ती अर्धा तास. अंग पुसा टॉवेलनं. डोक्याला जुनी सुती साडी नाहीतर जुना टीशर्ट, दाबून पाणी काढायचं, चोळायचं नाही. माझी आई जुन्या नऊवारीच्या तुकड्यानं टिपायची, गुडघ्यापर्यंत केस होते तिचे, आम्हाला वाटायचं पैसे नाहीत म्हणून करते.

केराटिनचं. मी करते माझ्या पार्लरमध्ये, त्यामुळं माझा धंदा बुडवून सांगते, मे मध्ये करू नकोस. त्यानंतर तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, कानामागं पण घ्यायचे नाहीत, घाम येऊ द्यायचा नाही. ४२-४३ च्या उन्हात लग्नघरात हे कसं करणार, हळदीत कुणी तांब्याभर पाणी ओतलं की संपलं. करायचंच असेल तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे लग्नापर्यंत बसतं. आणि केराटिन म्हणजे केसाला खाऊ घालणं नाही, ते वरून लेप देऊन इस्त्री मारणं आहे, चार-सहा महिन्यात उतरतं. गळणाऱ्या केसावर त्याचा काही उपयोग नाही, उलट २००-२३० डिग्रीच्या इस्त्रीनं कमजोर केस अजून तुटतो.

बाटलीवर "फॉर्माल्डिहाइड फ्री" (फॉर्माल्डिहाइड म्हणजे एक विषारी वायू) लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नकोस. बऱ्याच बाटल्यांत असं काहीतरी असतं की इस्त्री लागली की त्यातून तोच वायू सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा धरतो, हे आम्हाला रोजचं आहे. आणि ग्लायऑक्सिलिक ऍसिडवाली जी नवीन क्रीमं आलीत त्यांच्यावर इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी किडनीला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्यात. म्हणून मी ते वापरत नाही, घटक विचारणाऱ्या कस्टमरवर चिडत पण नाही. तू पण कुठंही जाशील तिथं बाटली मागून बघ, दाखवत नसतील तर उठून ये.

एक विचारायचं राहिलं, गळायच्या आधी दोन-तीन महिन्यांत जोराचा ताप, ऑपरेशन, टायफॉईड, डिलिव्हरी, कडक डाएट असलं काही झालं होतं का?

भवानीपेठेतली काकू
पार्लरवाली बाई टॉवेलचं बोलली ते पटलं. पण तेल चोपू नको म्हणणार असशील तर बघ.

कात्री_कंगवा
काकू, तेलाला मी नाही म्हणत नाही हो. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं, बाकीची बरीच तेलं वरच्यावर राहतात, म्हणून न्हाण्याच्या आधी तासभर लावलं की पाण्यानं होणारं नुकसान कमी होतं, हे खरं आहे. पण न्हाण्याच्या आधी! रोज चोपून आठवडाभर ठेवलं तर आपल्याकडची धूळ त्यावर बसते. आणि कोंडा असेल तर तेल बंदच, कोंड्याचं जे बुरशीसारखं जंतू असतं ते डोक्यावरचं तेल खाऊनच वाढतं. कोंडा म्हणजे डोकं कोरडं झालं असं समजून बायका अजून तेल लावतात. आणि घट्ट वेणीचं, काकू, तुमच्या कपाळाच्या कडेला केस मागं सरकलेत का ते आरशात बघा. वर्षानुवर्षं रोज ओढून बांधलं की तिथले केस कायमचे जाऊ शकतात. अंबाड्याला नाही म्हणत नाही, ओढून बांधण्याला म्हणते.

भवानीपेठेतली काकू
बघितलं. सरकलेत. जाऊ दे.

कन्नाचौक_९१
केराटिनपेक्षा मेंदीचं सांगते, लग्नात सगळ्या केसाला काळी मेंदी लावतात ना. मागच्या वर्षी मी चुलतबहिणीच्या लग्नाआधी पाकिटातली "पंधरा मिनिटात काळी" लावली, दुसऱ्या दिवशी कपाळ सुजून डोळे बंद, वरातीत मी घरी. डॉक्टर म्हणाले काळी मेंदी नसतेच, मेंदीचा रंग केशरी-लाल, काळा येतो तो पीपीडीचा, म्हणजे डायमधल्या केमिकलचा. आता आयुष्यभर काळा डाय लावता येणार नाही म्हणे.

कात्री_कंगवा
बरोबर सांगितलं डॉक्टरांनी. पीपीडीची ऍलर्जी एकदा झाली की जात नाही, पुढच्या वेळी अजून जोरात येते. कुठलाही डाय, पहिल्यांदा असो नाहीतर दहाव्यांदा, कानामागं नाहीतर कोपराच्या आत थोडा लावून ४८ तास थांबायचं. कस्टमर म्हणतात "आजच पाहिजे, फंक्शन संध्याकाळी आहे". मी नाही म्हणते, मग शेजारच्या गल्लीत जातात.

पार्कचौकातला
ताई मुलांचं पण सांगा की. मी २७, वर विरळ व्हायलंय, हेल्मेटमुळं का? आणि टक्कल केलं की दाट येतात असं मित्र म्हणायलेत. स्किन फेड (बाजूचे केस खाली कातडीपर्यंत साफ) मारून वर थोडे लांब ठेवावेत का, तेच चाललंय सध्या.

कात्री_कंगवा
हेल्मेटनं केस जात नाहीत, हेल्मेट काढलं तर डोकं जाईल, घालत जा. आत घाम साचतो म्हणून खाली सुती रुमाल बांध आणि अस्तर धूत जा. टक्कल केल्यानं दाट येत नाहीत, कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला जाड लागतं, तेवढंच. वरून विरळ होणं बहुतेक वेळा घराण्यातून आलेलं असतं, त्याला जितक्या लवकर स्किनच्या डॉक्टरकडं जाशील तितकं चांगलं, मिनॉक्सिडिल वगैरे केसवाढीचं औषध काय द्यायचं ते त्यांनी ठरवायचं, सलूनवाल्यानं नाही. फेड छान दिसतो पण बाजू एकदम साफ केली की वरचं विरळपण उठून दिसतंय का ते आधी बघ, आणि दर दोन-तीन आठवड्याला खुर्चीत बसायची तयारी ठेव.

शेंगाचटणी
कात्री ताई, तुम्ही तापाचं विचारलंत आणि माझ्या हातातला चहा सांडला. नोव्हेंबरच्या शेवटी मला पुण्यात डेंग्यू झाला होता, पाच दिवस ॲडमिट, म्हणून तर आई घरी घेऊन आली! मी सगळा दोष बिचाऱ्या बोअरला देत बसले. कागदावर ठेवून बघितलं, साठातल्या पन्नासेक केसांना पांढरी गाठ आहे. म्हणजे टक्कल पडणार का?

कात्री_कंगवा
नाही गं, घाबरू नकोस. जोराच्या तापानं बरेचसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सुटतात. नोव्हेंबरचा ताप, फेब्रुवारीत गळती, हिशोब बरोबर बसतोय. गाठ असलेला केस सुटला म्हणजे खालून नवीन येतोय असंच बहुतेक असतं. चार-सहा महिन्यात थांबतं. कपाळावर बारीक बारीक उभे केस दिसायला लागले की समज, ते तुटलेले नाहीत, नवीन आहेत, जेल लावून चापून बसवू नकोस. तरी एकदा डॉक्टरकडं जाऊन हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड बघून घे, आपल्या बायकांत लोह कमी असणं कायमचं आहे, आणि कमी असेल तर कितीही तेल-शाम्पू कर, फरक पडत नाही. जेवणात डाळ, अंडी, शेंगा पोटभर.

केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे लग्नापर्यंत नवीन केस दोन बोटं पण होणार नाहीत. म्हणून कटचं सांगते. बटरफ्लाय कटला दाट केस लागतात आणि रोज ब्लो ड्राय लागतो. रीलमधली पोरगी कॅमेरा चालू व्हायच्या आधी तासभर ड्रायरखाली बसलेली असते, ते दिसत नाही. तुझे आता विरळ झालेत, त्यात पुढचे लेयर हनुवटीपर्यंत कापले तर मागं शेपटीएवढेच राहतील. शिवाय आपल्या उन्हात तू केस बांधणारच, मग ते पुढचे लेयर क्लचरमधून सुटून घामानं गालाला चिकटतात. मे मध्ये अर्ध्या बायका माझ्याकडं तेच रडत येतात. तू खालून चार बोटं सरळ कापून घे, फाटे फुटलेली टोकं जातील, आणि एकसारख्या कापलेल्या टोकांनी केस आहेत त्यापेक्षा दाट दिसतात.

आणि वेव्ही आहेत म्हणतेस ना? सरळ कशाला करतेस? ओले असताना कंडिशनर थोडं ठेवून, बोटांनी मुठीत चुरगाळून, हात न लावता वाळू दे. आपल्याकडं कित्येकींचे केस मुळात लाटेचे असतात, त्या पंधरा वर्षं "माझे केस खराब सरळ आहेत" म्हणून इस्त्री मारत बसतात. आता उलट सगळ्या कुरळे करून मागायल्यात, ज्यांचे आहेत त्यांनी काढून टाकलेत.

होटगीरोडवाला
म्हणजे माझ्या डोक्यावर पण बोअरचा दोष नव्हता, बापाचा होता.

शेंगाचटणी
रक्ताची तपासणी उद्या सकाळी. केराटिन रद्द, बहिणींना सांगितलं तर म्हणायल्या फोटोत तू एकटीच पिंजारलेली दिसशील, दिसू दे. जुन्या टीशर्टचं आईला सांगितलं तर म्हणते घरात आहेराचे बारा टॉवेल घडी मोडायचे पडलेत आणि तू बाबांचा फाटका बनियन डोक्याला गुंडाळतेस. कात्री ताई, गजरा चालेल ना विरळ केसात? पिनांनी ओढणार नाही ना?

कात्री_कंगवा
चालेल. पण गजरा केसात ओवू नकोस, आधी सैल अंबाडा घाल आणि गजरा त्याच्याभोवती यू पिनांनी लाव, डोक्याच्या कातडीला पिन टोचली की ती जागा दुखतेच. दोन गजरे एकावर एक लावले की मधली विरळ जागा झाकते. टोकं कापायला एप्रिलच्या शेवटी ये, मंगळवारी नको, मंगळवारी मी बंद.